‘पंचेचाळीस सहापेक्षा मोठेच ना, बाई?’ : दशांश अपूर्णांकांच्या एका वर्गाचा प्रकरण अभ्यास

चाचणीत क्रम लावण्याचे दोन प्रश्न होते. एकात ०.४५, ०.१२८, ०.६ आणि दुसऱ्यात ०.४१७, ०.२, ०.३५. दोन्ही गट चढत्या क्रमाने मांडायचे. एका मुलाने पहिला प्रश्न चुकवला आणि दुसरा अचूक सोडवला. त्याच्या शेजारच्या रांगेतल्या मुलीने पहिला अचूक सोडवला आणि दुसरा चुकवला. दोघांना सारखेच गुण पडले आणि दोघांच्या वहीत शेराही एकच आला: ‘क्रम लावण्याचा आणखी सराव हवा.’

सरावाने दोघांचंही काही भलं होणार नव्हतं. उलट सराव जितका जास्त, तितकी त्यांच्या डोक्यातली चूक पक्की होत गेली असती, कारण दोघांपैकी कुणीही अंदाजपंचे उत्तर दिलं नव्हतं. दोघंही आपापल्या नियमाने अगदी शिस्तीत चालले होते. नियम मात्र एकमेकांच्या बरोबर उलट होते, आणि दोन्ही नियम त्यांना आधी नीट शिकवलेल्या, नीट समजलेल्या गणितातूनच आले होते.

नवं ज्ञान जुन्या ज्ञानाला जोडून घेतलं तरच ते टिकतं, हे शिक्षणशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाने परीक्षेत लिहिलेलं असतं. डेव्हिड ऑसुबेल (१९१८–२००८) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नावही त्याच उत्तरात येतं. त्याने १९६८ साली शैक्षणिक मानसशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच म्हटलं होतं की साऱ्या शैक्षणिक मानसशास्त्राचं एकच तत्त्व सांगायचं झालं तर ते हे: शिकण्यावर सर्वांत जास्त परिणाम करते ती शिकणाऱ्याला आधीपासून माहीत असलेली गोष्ट, ती शोधून काढा आणि त्यानुसार शिकवा. हे वाक्य इतक्या वेळा उद्धृत झालंय की त्यातलं ‘शोधून काढा’ आता कुणाला ऐकूच येत नाही. या प्रकरणात ते शोधून काढणं म्हणजे नेमकं काय असतं, ते थोडं जवळून बघता आलं.

पाठ आणि त्याची सुरुवात

वर्ग सहावीचा. शिकवणाऱ्या बाई अनुभवी, विषयावर पकड असलेल्या. मी मागच्या बाकावर निरीक्षक म्हणून बसत होतो. दशांश अपूर्णांकांचा घटक सुरू झाला तो टाचणाच्या, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्याच्या, नेहमीच्या पायऱ्यांनी: पूर्वज्ञान, प्रस्तावना, हेतुकथन. पूर्वज्ञानाचे प्रश्न चोख होते. ३४५ मध्ये चाराची स्थानिक किंमत किती? एक दशांश हा अपूर्णांक कसा लिहाल? एक छेद दहा मोठा की एक छेद शंभर? पटापट हात वर गेले, उत्तरं बरोबर आली, फळ्याच्या कोपऱ्यात बरोबरची खूण झाली आणि पाठ पुढे सरकला.

इथेच थोडं थांबायला हवं. या प्रश्नांनी एवढंच कळलं की मुलांकडे पूर्ण संख्यांचं ज्ञान आहे आणि अपूर्णांकांचंही आहे. दशांश अपूर्णांक समोर आला की त्यातलं कोणतं ज्ञान ते हाताशी धरतील, हे मात्र कळलं नाही. सामान आहे की नाही याची यादी तपासली. ते कुठे लागणार हे कुणी विचारलं नाही. टाचणातल्या पूर्वज्ञानाच्या रकान्याची ही जुनी खोड आहे, आणि त्यात या बाईंचा दोष शून्य. तो रकाना तसाच भरायला आपण सगळ्यांना शिकवलं आहे.

पुढचे पाठ सुरळीत गेले. ०.३ आणि ०.७ मध्ये मोठा कोणता, ०.२५ आणि ०.५२ मध्ये मोठा कोणता, ०.३ अधिक ०.५ किती. स्वाध्यायातली जवळजवळ सगळी उदाहरणं अशीच होती: दशांश चिन्हानंतरच्या अंकांची संख्या दोन्हीकडे सारखीच. अशा उदाहरणांत दोन्ही चुकीचे नियम बरोबर उत्तर देतात. म्हणून वर्ग शिकला असं सगळ्यांना वाटलं, मुलांनाही.

दोन मुलं, दोन नियम

चाचणीनंतर बाईंनी एक चांगली गोष्ट केली. चुकलेली उत्तरं फळ्यावर सोडवून दाखवण्याऐवजी त्यांनी काही मुलांना एकेकटं बसवून विचारलं. आधी तो मुलगा.

‘मोठा कोणता? ०.६ की ०.४५?’

‘०.४५.’

‘का रे?’

‘पंचेचाळीस सहापेक्षा मोठेच ना, बाई?’

बाईंनी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि प्रत्येक अंकाखाली त्याचं स्थान लिहायला सांगितलं. चिन्हाच्या डावीकडच्या शून्याखाली त्याने ‘ए’ लिहिलं. उजवीकडे चाराखाली ‘द’, पाचाखाली पुन्हा ‘ए’. तो ‘द’ बघून मला वाटलं, चला, निदान दशांश तरी माहीत आहे. बाईंनी मात्र ‘पूर्ण लिही’ म्हटलं. त्याने लिहिलं: दशक. मग ०.६ मध्ये सहाखाली काय? एकक. त्याच्या लेखी दशांश चिन्ह ही दोन स्वतंत्र पूर्ण संख्यांमधली भिंत होती. डावीकडे एक संख्या, उजवीकडे दुसरी. डावीकडची बरोबरीत सुटली की उजवीकडची बघायची, आणि तिथे १२८, ४५ आणि ६ यांचा क्रम लावायला त्याला कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

या समजाला बाहेरून खतपाणीही भरपूर मिळतं. क्रिकेटच्या धावफलकावर ४.५ षटकांनंतर ५ येतं. पुस्तकात ३.९ या विभागानंतर ३.१० येतो, आणि तो ३.९ च्या पुढचाच असतो. २.३० वाजले म्हणजे अडीच. या प्रत्येक ठिकाणी टिंबाच्या उजवीकडे खरोखरच वेगळी मोजणी चालू असते. मुलगा चौफेर पाहून जे निरीक्षण करत होता ते चुकीचं नव्हतं. फक्त ते दशांश अपूर्णांकाचं नव्हतं.

मग ती मुलगी.

‘०.२ आणि ०.३५. मोठा कोणता गं?’

‘०.२.’

‘कसा काय?’

‘यात दशांश आहेत, त्यात शतांश आहेत. शतांश म्हणजे शंभर तुकडे केले. ते बारीकच असणार.’

‘बरं. किती तुकडे घेतले?’

‘पस्तीस.’ थोडा विचार करून, ‘पण बारीक.’

हे उत्तर मला त्या मुलाच्या उत्तरापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटलं. यातलं एकेक वाक्य खरं आहे. शतांश हा दशांशापेक्षा लहान असतोच. तिने अपूर्णांक मनापासून समजून घेतले होते आणि छेद वाढला की तुकडा लहान होतो ही गोष्ट, जी अनेकांना मोठेपणीही चकवते, तिला पक्की ठाऊक होती. पण दशांश अपूर्णांक पाहिला की ती अपूर्णांकाची अर्धीच बाजू उचलत होती: छेद. अंश, म्हणजे तुकडे किती घेतले, हा हिशेब मागे पडायचा. म्हणून अंक जितके जास्त तितकी संख्या लहान. पहिल्या प्रश्नात ०.१२८, ०.४५, ०.६ हा क्रम तिने याच नियमाने लावला आणि तो नेमका बरोबर आला. दुसऱ्या प्रश्नाला तोच नियम लावला आणि आपटली.

तिला स्थानांचा तक्ता काढायला सांगितला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. तिने दशांश चिन्ह मधोमध काढलं आणि दोन्हीकडे आरशातल्यासारखी स्थानं लिहिली. नावं सगळी बरोबर. मग म्हणाली, ‘इकडे सगळं उलटं होतं ना.’ डावीकडे अंक वाढले की संख्या मोठी होते, तर उजवीकडे अंक वाढले की लहान व्हायला हवी. सुबक तर्क आहे. फक्त त्या आरशाची जागा चुकली आहे: स्थानांची सममिती दशांश चिन्हाभोवती नसते, ती एककाभोवती असते. एककाच्या एका बाजूला दशक, दुसऱ्या बाजूला दशांश. पुढे शतक आणि शतांश. चिन्ह फक्त एकक कोणता हे दाखवायला त्याच्या शेजारी उभं असतं.

ही दोन मुलं काही जगावेगळी नाहीत. लॉरेन रेझनिक आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये अमेरिका, इस्राएल आणि फ्रान्समधल्या मुलांच्या दशांश अपूर्णांकातल्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हेच दोन नियम वेगळे काढून दाखवले आहेत: एक पूर्ण संख्येतून आलेला, दुसरा अपूर्णांकातून आलेला. त्यातला लक्षात ठेवण्यासारखा भाग असा की अपूर्णांकातून आलेली चूक जिथे अपूर्णांक आधी शिकवत त्या अमेरिकेत आणि इस्राएलमध्ये दिसली. दशांश आधी शिकवणाऱ्या फ्रान्समध्ये ती जवळजवळ नव्हती. मुलं काय चुकतील हे अभ्यासक्रमाचा क्रम ठरवत होता. ज्याचं ज्ञानच नाही त्याला ती चूक करणंही शक्य नव्हतं.

सिद्धान्त इथे काय सांगतो

ऑसुबेलच्या मते नवी कल्पना मनात मोकळी तरंगत नाही. ती आधीच्या, जास्त व्यापक असलेल्या एखाद्या कल्पनेच्या पोटात जाऊन बसते. हे सामावणं दोन तऱ्हांनी होतं. कधी नवी गोष्ट जुन्या कल्पनेचं आणखी एक उदाहरण असते. मग जुनी कल्पना जशी होती तशीच राहते, फक्त तिच्या यादीत एकाची भर पडते. कधी नवी गोष्ट जुन्या कल्पनेला ताणते, तिच्यात दुरुस्ती करायला लावते. पहिलं काम सोपं, दुसरं जड.

आपल्या मुलाने जड काम सोप्या पद्धतीने उरकलं. दशांश अपूर्णांक हे त्याने पूर्ण संख्यांचं आणखी एक उदाहरण मानलं, मध्ये टिंब असलेलं. त्यामुळे त्याच्या जुन्या ज्ञानाला कुठेच खरचटलं नाही. मुलीनेही नवी गोष्ट जुन्याच्याच पोटात घातली, फक्त तिचं पोट वेगळं होतं.

ऑसुबेलने आणखी एका गोष्टीवर भर दिला होता, जिच्याकडे आपल्या पुस्तकांत फारसं लक्ष दिलं जात नाही: नवं आणि जुनं यांतला फरक स्पष्ट ओळखता आला पाहिजे. फरक पुसट असेल तर नवं ज्ञान काही दिवस वेगळं राहतं आणि मग हळूहळू जुन्यात विरघळून जातं. आठवायला गेलं की हाताला जुनंच लागतं. ऑसुबेल आणि डोनाल्ड फिट्झगेराल्ड यांनी १९६१ मध्ये ख्रिस्ती संस्कृतीत वाढलेल्या विद्यार्थ्यांना बौद्ध धर्मावरचा उतारा शिकायला दिला होता. ज्यांना मुळात ख्रिस्ती धर्मच जास्त स्पष्ट कळलेला होता, त्यांना बौद्ध धर्माचा उताराही जास्त चांगला जमला. जुनं नीट माहीत असलं की नवं त्याच्यापासून वेगळं धरता येतं. म्हणजे पूर्वज्ञान मदत करतं ते केवळ साम्यामुळे नव्हे. भेद दिसण्यासाठीही तेच लागतं.

‘शून्य जोडा’

निदान हाती आलं होतं, पण घटक संपवायची घाई होती. म्हणून बाईंनी आधी तो उपाय केला जो बहुतेक सगळे करतात. उजवीकडे शून्य जोडून अंक सारखे करा आणि मग तुलना करा. ०.६ चे ०.६००, ०.४५ चे ०.४५०, आणि ०.१२८ तसाच. वर्गाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच तासाला सगळ्यांची उत्तरं बरोबर आली, त्या मुलाची आणि मुलीचीही.

ही युक्ती गणिती दृष्टीने निर्दोष आहे. पण ती कशाच्या जोरावर चालली ते बघा. मुलगा खुशीत सांगत होता, ‘सहाशे चारशे पन्नासपेक्षा मोठे.’ म्हणजे चिन्हाच्या उजवीकडे एक पूर्ण संख्या असते हा त्याचा समज जसाच्या तसा राहिला. उलट बाईंनीच त्यावर शिक्कामोर्तब केलं. मुलीला तर आपला नियम वापरायची वेळच आली नाही, कारण अंक सारखे झाले की तिचा नियम गप्प बसतो.

नंतरच्या आठवड्यात तुलनेची उदाहरणं येतच राहिली आणि बरोबर येत राहिली. मग एका तासाला बाईंनी सहज विचारलं, ०.५ आणि ०.५० मध्ये मोठा कोणता? मुलगा लगेच म्हणाला, ‘०.५०. शून्य जोडलं की दहापट होतं.’ ज्या हाताने आठवडाभर शून्यं जोडली, त्याच हाताने. शून्य जोडल्यावर किंमत बदलत नाही म्हणूनच ती युक्ती चालते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. पण ‘शून्य जोडलं की दहापट’ हे त्याने कितीतरी आधी, कितीतरी वेळा वापरलं होतं. त्याच तासाला त्याने ०.९ अधिक ०.२ चं उत्तर ०.११ लिहिलं. नऊ नि दोन अकरा, आणि भिंत ओलांडायला परवानगी नाही.

मुलीच्या मते ०.५० लहान होता.

अर्थपूर्ण अध्ययनाला ऑसुबेलने तीन अटी घातल्या होत्या. शिकायची गोष्ट मुळात अर्थ लावण्याजोगी हवी, तिला टेकायला योग्य जुनी कल्पना हवी, आणि शिकणाऱ्याला ती अर्थ लावून शिकण्याची इच्छा हवी. तिसरी अट आपण मुलांच्या माथी मारतो, ‘लक्षच देत नाहीत’ म्हणून. पण ज्या वर्गात युक्तीने पूर्ण गुण मिळतात तिथे अर्थ लावत बसणारा मुलगा वेळ फुकट घालवत असतो. घोकंपट्टी हा तिथे आळस नव्हे, शहाणपणा ठरतो.

पट्ट्या

दुसऱ्या प्रयत्नाची तयारी बाईंनी साधीच केली. पुठ्ठ्याची एक मीटर लांबीची पट्टी: हा एक. तिच्या दहाव्या हिश्श्याच्या, म्हणजे दहा सेंटिमीटरच्या, बऱ्याच पट्ट्या. एक सेंटिमीटरचे तुकडे. आणि एक मिलिमीटरचे कातरलेले काटे, जे सारखे उडून जात होते. एकाही पट्टीवर आकडे नव्हते, खुणा नव्हत्या. हे मुद्दाम. मोजपट्टी हातात दिली असती तर मुलाने ०.४५ मीटर म्हणजे ४५ सेंटिमीटर आणि ०.६ मीटर म्हणजे ६० सेंटिमीटर असं करून पुन्हा पूर्ण संख्यांच्या घरात उडी घेतली असती. उत्तर बरोबर, भिंत शाबूत.

पण पट्ट्या वाटण्याआधी बाईंनी काही मिनिटं सरळ सांगितलं, आणि मला वाटतं खरं काम तिथे झालं. फळ्याच्या दोन बाजूंना त्यांनी पूर्ण संख्या आणि दशांश अपूर्णांक लिहिले आणि विचारलं, ३४ आणि २१५ यांची तुलना करताना आपण कुठला अंक कुठल्या अंकाखाली लिहितो? एककाखाली एकक. बरोबर. मग ०.६ आणि ०.४५ मध्ये? वर्ग गोंधळला. काहींनी सहा पाचाखाली लिहायला सांगितला, उजवी कड सारखी करून, जशी पूर्ण संख्यांत करतो तशी. बाई म्हणाल्या, पूर्ण संख्यांत उजवी कड सारखी येते ती का? कारण तिथे शेवटचा अंक नेहमी एकक असतो. आपण कडा जुळवत नव्हतो, एकक जुळवत होतो. इथे एकक डावीकडे आहे. तो जुळवा.

मग त्यांनी साम्य आणि भेद वेगवेगळे लिहिले. साम्य: कुठल्याही स्थानावरून उजवीकडे एक घर गेलं की किंमत दहावा हिस्सा होते, हे एककापाशी थांबत नाही, चालूच राहतं. भेद: पूर्ण संख्येत अंक जास्त म्हणजे संख्या मोठी, कारण जास्तीचा अंक डावीकडे येतो, दशांशात जास्तीचा अंक उजवीकडे येतो, म्हणून अंकांच्या संख्येवरून मोठा-लहान काहीच सांगता येत नाही. ‘मोठाही नाही आणि लहानही नाही,’ असं त्या दोनदा म्हणाल्या, एकदा मुलाकडे बघून आणि एकदा मुलीकडे.

बी.एड.च्या भाषेत हा तुलनात्मक अग्रत संघटक (अ‍ॅडव्हान्स ऑर्गनायझर) झाला: नव्या मजकुराआधी द्यायची, त्याला जुन्या ज्ञानाशी जोडणारी व्यापक मांडणी. ऑसुबेलने १९६० मध्ये ही कल्पना पहिल्यांदा तपासली तेव्हा विद्यार्थ्यांना पोलादाच्या धातुशास्त्रीय गुणधर्मांवरचा मजकूर वाचायला दिला होता. त्याआधी एका गटाला धातू आणि मिश्रधातू यांतलं साम्य-भेद सांगणारा सर्वसाधारण उतारा दिला, दुसऱ्या गटाला पोलादाच्या प्रक्रियेच्या इतिहासाचा. पहिल्या गटाला जास्त आठवलं, फरक माफक होता. पुढे या कल्पनेवर ढीगभर प्रयोग झाले आणि १९७५ मध्ये बार्न्स आणि क्लॉसन यांनी त्यांचा आढावा घेतला तेव्हा निकाल दोन्हीकडचे निघाले. माझ्या मते त्यात आश्चर्य काही नाही. पाठाच्या आधी वाचलेला कोणताही परिच्छेद म्हणजे अग्रत संघटक नव्हे. कोणत्या जुन्या कल्पनेशी नव्याची गल्लत होणार आहे हे आधी कळलं नसेल, तर साम्य-भेद कशाचे लिहायचे? या बाईंना ते फळ्यावर नेमकं लिहिता आलं, कारण आधी त्या दोघांशी बोलल्या होत्या.

आणखी एक. हे सगळं बाईंनी ‘सांगितलं’. मुलांकडून शोधून घेतलं नाही. सांगणं म्हणजे घोकंपट्टी आणि शोधणं म्हणजे समज, अशी वाटणी हल्ली सर्रास केली जाते. ऑसुबेल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवत असे. ज्ञान आयतं मिळालं की शोधून मिळालं हा एक प्रश्न, आणि ते जुन्याला अर्थाने जोडलं गेलं की नाही हा दुसरा. ‘शून्य जोडा’ ही युक्ती मुलांनी स्वतः शोधून काढली असती तरी ती तेवढीच पोकळ राहिली असती.

मग पट्ट्या. मुलाने ०.४५ मांडला: दहा सेंटिमीटरच्या चार पट्ट्या एकापुढे एक, पुढे पाच छोटे तुकडे. त्याच्या खाली ०.६: सहा पट्ट्या. खालची ओळ वरच्या ओळीच्या पुढे गेली. त्याने वरच्या ओळीतले तुकडे पुन्हा मोजले. बरोबर होते. मग खालच्या पट्ट्या मोजल्या. मग बाईंकडे बघून म्हणाला, ‘पण पंचेचाळीस कुठे आहेत?’

बाईंनी उत्तर दिलं नाही. पट्टीच्या एका दहा सेंटिमीटरच्या तुकड्यावर दहा छोटे तुकडे ठेवून दाखवले आणि गप्प बसल्या. मुलाने चारही पट्ट्यांवर छोटे तुकडे लावायला घेतले. तुकडे पुरेनात, शेजारच्यांचे घेतले. चाळीस आणि पाच. ‘आहेत, पंचेचाळीस आहेत,’ तो म्हणाला, आणि लगेच खालच्या ओळीकडे वळून, ‘मग इथे साठ.’ सहा कशाचे आणि पंचेचाळीस कशाचे, हा प्रश्न त्याला तिथे पहिल्यांदा पडला. इतके दिवस तो नुसत्या संख्या तोलत होता, त्या कशाच्या आहेत ते न बघता.

मुलीला पट्ट्यांचा उपयोग वेगळ्या जागी झाला. ०.३५ मांडताना तिने आधी पस्तीस छोटे तुकडे एका रांगेत लावायला सुरुवात केली, शतांश म्हणजे शतांश. मग कंटाळून दहा-दहा तुकड्यांच्या जागी एकेक पट्टी ठेवली. तीन पट्ट्या आणि पाच तुकडे. म्हणाली, ‘यात दशांशपण आहेत.’ तिच्या नियमाची गाठ या एका वाक्यात सुटली. ०.३५ हा फक्त शतांशांचा अपूर्णांक आहे असं ती धरून चालली होती. त्याच्या पोटात तीन दशांश आहेत आणि तेवढ्यानेच तो ०.२ च्या पुढे जातो, हे तिला दिसलं.

सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८५ मध्ये दशांश पद्धतीवरची आपली पुस्तिका काढली तेव्हा त्याने प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाचा क्रमांक वर्तुळात घालून जोडला होता. चारापुढे वर्तुळात एक, पाचापुढे वर्तुळात दोन. लिहायला किचकट, पण त्यात चार आणि पाच मिळून ‘पंचेचाळीस’ वाचायचा मोह झाला नसता. नंतरच्या सुटसुटीत टिंबाने ती सगळी माहिती वाचणाऱ्याच्या डोक्यात ढकलली. ज्यांच्या डोक्यात ती आहे त्यांना टिंब पुरतं.

नंतर

काही आठवड्यांनी, मधे दुसरा घटक होऊन गेल्यावर, बाईंनी पुन्हा विचारलं. मुलाने ०.५ आणि ०.५० सारखे सांगितले. कारण? ‘तुकडे एकही नाही असं लिहिलंय.’ ०.९ अधिक ०.२ ला त्याने पुन्हा ०.११ लिहिलं, मग पेन्सिल थांबली, खोडलं आणि १.१ लिहिलं. जुना नियम गेलेला नाही. तो आधी येतो, मग त्याला कुणीतरी अडवतं. इतकं झालं.

मुलगी तीन स्थानांपर्यंत अचूक होती. ०.३ आणि ०.३६८२ दिल्यावर म्हणाली, ०.३ मोठा. मिलिमीटरच्याही खाली पट्टी नव्हती, आणि जिथे पट्ट्या संपल्या तिथून तिचा जुना आरसा परत सुरू झाला. तिची चूक जास्त चिवट निघाली याचं मला नवल वाटलं नाही. ऑस्ट्रेलियात केय स्टेसी आणि व्हिकी स्टाइनली यांनी मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला, त्यातही ‘लांब म्हणजे मोठा’ ही समजूत वरच्या इयत्तांत बरीच ओसरते, ‘आखूड म्हणजे मोठा’ तशी ओसरत नाही. त्याचं एक कारण या वर्गातही दिसलं: तिचा नियम खऱ्या गोष्टीवर उभा आहे, आणि अनेक प्रश्नांत बरोबर उत्तर देऊन तो सुटतो. दुसरं कारण बहुधा पुढे येणारं आहे. ऋण संख्या शिकवताना ‘शून्याच्या पलीकडे सगळं उलटं’ असं कुणीतरी तिला सांगेल, आणि आरशाला आणखी एक आधार मिळेल. बाईंनी ते आत्ताच वहीत टिपून ठेवलं आहे.

दरम्यान एक नवीच गोष्ट निघाली. ०.४ आणि ०.५ यांच्यामध्ये किती संख्या आहेत, असं विचारल्यावर वर्गातल्या काही मुलांनी ‘एकही नाही’ म्हटलं. आपला मुलगा ठामपणे म्हणाला, ‘नऊ. ०.४१ ते ०.४९.’ महिन्यापूर्वी त्याला हे सुचलंच नसतं. दशांशाच्या आत शतांश असतात हे त्याला पक्कं कळलंय, आणि ज्या गोष्टी कळल्या त्या मोजायला त्याने पूर्ण संख्याच हाताशी घेतल्या: एकामागून एक, मध्ये काही नाही. मुलगी मागून म्हणाली, ‘मिलिमीटर धरले तर?’ त्यावर दोघांची जुंपली आणि तास संपला.

पुढच्या घटकाच्या टाचणात पूर्वज्ञानाच्या रकान्यात बाईंनी आता हाच प्रश्न लिहिला आहे. खाली अपेक्षित उत्तरं तीन: एकही नाही, नऊ, मोजून संपणार नाहीत इतक्या. प्रत्येक उत्तरापुढे, ते आलं तर आधी काय विचारायचं, ते वेगळं लिहिलं आहे.